पहिल्या घासाबरोबरची कॅप्सूल

उमरेडच्या कुठल्याही मेडिकलमध्ये "जेवण पचत नाही, पोट फुगते, काहीतरी द्या" असे म्हणून पाहा. काउंटरवर बहुधा एक रंगीत, गोडसर सिरप येते. बाटलीवर 'एन्झाइम' हा शब्द असतो, जेवणानंतर दोन चमचे घ्या असे सांगितले जाते, आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. अशा बहुतेक सिरपांत फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असते. गोळ्या असल्या तर डायस्टेजच्या जोडीला पपईतले पपेन आणि कधी कोळशाची पूड. डायस्टेज बुरशीपासून काढतात आणि ते पिष्ट पदार्थ फोडते. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले, आणि सव्वाशे वर्षांनंतरही ते आपल्या दुकानांत टिकून आहे. लग्नात जेवण जास्त झालेल्या धडधाकट माणसाचे त्याने फारसे बिघडत नाही, फारसे साधतही नाही. पण ज्याचे स्वादुपिंडच थकले आहे, त्याच्या ताटातल्या तेलातुपाला ही बाटली हात लावू शकत नाही. चरबी फोडणारे लायपेज यांतल्या बहुतेकांत नसतेच.

त्या दुसऱ्या माणसाला लागते ते औषध वेगळे. त्याचे नाव पॅनक्रियाटिन: डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले लायपेज, अमायलेज आणि प्रोटिएज यांचे मिश्रण. ते सुरक्षितपणे कसे घ्यावे याची चर्चा जगभर बहुतेक 'जास्त झाले तर?' या अंगाने होते. विदर्भाचे खानपान, हवामान आणि औषधाच्या सवयी पाहता मला धोका उलट बाजूला दिसतो. आपल्याकडे हे औषध चुकीच्या माणसाला मिळते आणि योग्य माणसाला अपुरे मिळते. तेही चुकीच्या वेळी घेतले जाते, आणि मे महिन्यात कपाटात बसून निकामी होते.

स्वादुपिंड दिवसाला साधारण एक ते दीड लिटर रस आतड्यात सोडते. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सशांवर प्रयोग करून दाखवले, की चरबीचे पचन या रसाविना होत नाही. पिष्टासाठी तोंडातली लाळ थोडीफार मदतीला येते, प्रथिनांसाठी जठर असते. चरबीचा भार मात्र जवळजवळ एकट्या स्वादुपिंडावर. निसर्गाने म्हणूनच इथे भरपूर साठा ठेवला आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लायपेजचे उत्पादन दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावरच शौचातून चरबी पडू लागते. म्हणजे लक्षण दिसेपर्यंत नव्वद टक्के काम बंद पडलेले असते. या आकड्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावायला हवा. साध्या गॅसच्या तक्रारीवर पॅनक्रियाटिन घेण्यात अर्थ नाही, कारण त्या माणसाकडे स्वतःचेच मुबलक आहे. आणि ज्याला खरोखर लागते, त्याला चिमूटभर देऊन भागत नाही.

खरोखर कोणाला लागते? स्वादुपिंडाला जुनाट सूज असलेल्यांना, तीव्र सुजेत ग्रंथीचा मोठा भाग मेलेल्यांना, स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्यांना किंवा त्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना, जठर काढलेल्या काहींना, आणि सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या बहुतेक मुलांना. भारतात यांत मोठा गट जुनाट सुजेचा. केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात तरुण, कृश, दारूला न शिवलेल्या रुग्णांत खडे भरलेल्या स्वादुपिंडाचा आजार तपशिलाने मांडला. लहानपणी पोटदुखी आणि विशीच्या आसपास मधुमेह असा त्याचा क्रम होता. पुढे २००८ मध्ये देशभरातल्या १,०८६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे साठ टक्के रुग्णांमध्ये कारण सापडले नाही, एक तृतीयांशाहून थोड्या जास्त रुग्णांमध्ये दारू होती, आणि केरळी वर्णनात चपखल बसणारे चारेक टक्केच निघाले. 'कारण सापडले नाही' असे म्हटलेल्यांपैकी पुष्कळांच्या जनुकांत स्पिंक-१ सारखे बदल असतात, हे हैदराबादेतल्या संशोधनाने पुढे आणले. तेव्हा उमरेडचा एखादा माळकरी गृहस्थ या आजाराने नागपूरला दाखल झाला, तर नातेवाइकांनी त्याच्याकडे संशयाने पाहू नये.

दारूबद्दल सगळेच बोलतात. खर्ऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा हा पूर्व विदर्भाचा रोजचा व्यवहार आहे. कोळसा खाणीची पाळी असो, धानाची रोवणी असो की मिरचीचे देठ खुडण्याचे काम, पुडी खिशात असते. तंबाखू दारूच्या साथीशिवायही स्वादुपिंडाची जुनाट सूज वाढवते, हे आता पक्के झाले आहे. त्यामागचा पुरावा मुख्यतः विडी-सिगारेटचा आहे; पण चघळलेली तंबाखू निर्दोष मानायला काहीच आधार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. कॅप्सूल घ्यायची आणि वर खर्रा चघळायचा, यात कॅप्सूल हरते.

ओळख कशी पटते? शौच फिकट, तेलकट, उग्र वासाचे होते, भांड्याला चिकटते, पाणी ओतूनही जात नाही. वजन उतरते, पोट गुरगुरते, काहींना संध्याकाळी नीट दिसेनासे होते, कारण अ जीवनसत्त्व चरबीबरोबरच शोषले जाते. पण इथे एक फसगत आहे. पोट बिघडते म्हणून माणूस आपोआप वरण-भातावर येतो, तेल सोडतो, आणि मग शौच बरे दिसू लागते. आजार तिथेच असतो, फक्त त्याला दाखवायला चरबी उरलेली नसते. शौचातले इलास्टेज मोजण्याची तपासणी एका नमुन्यावर होते: ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली संशय, १०० च्या खाली बहुधा खात्री. नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो, हे मात्र लक्षात ठेवावे. कॅप्सूल चालू असल्या तरी ही तपासणी करता येते, कारण ती माणसाचे इलास्टेज मोजते, डुकराचे नाही.

आता औषधाकडे. लायपेज फार नाजूक असते. जठरातल्या आम्लात ते काही मिनिटांत मरते, म्हणून चांगल्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर आम्लाला न जुमानणारे आवरण. जठर ओलांडून आम्लता उतरली आणि पीएच साडेपाचच्या वर गेला की आवरण विरघळते आणि दाणा अन्नात मिसळून कामाला लागतो. कॅप्सूलवरचा आकडा, १०,०००, २५,००० किंवा ४०,०००, हा लायपेजच्या युनिटांचा असतो. बाजारात पॅनक्रियाटिनच्या जुन्या धाटणीच्या, गॅसच्या औषधाबरोबर मिसळलेल्या गोळ्याही मिळतात. त्यांवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. '१७० मिलिग्रॅम' आणि '२५,००० युनिट' एकमेकांऐवजी चालत नाहीत. "तेच औषध आहे, कंपनी वेगळी" असे म्हणून दुकानदाराने दुसरी पट्टी दिली, तर आधी लायपेजचे युनिट पाहावेत, मग आवरण असलेले दाणे आहेत का ते पाहावे. हा गोंधळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये सगळ्या उत्पादकांना नव्याने मंजुरी घ्यायला लावली ती याच कारणाने, की एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या मालाची ताकद सारखी नव्हती.

घेण्याची वेळ हा या औषधाचा गाभा आहे, आणि सर्वांत जास्त चूक तिथेच होते. आपल्याला औषधाच्या दोनच वेळा शिकवल्या आहेत: जेवणाआधी आणि जेवणानंतर. पॅनक्रियाटिन यांत बसत नाही, ते जेवणात घ्यायचे. पहिल्या घासाबरोबर एक. दोन-तीन कॅप्सूल असतील तर एक सुरुवातीला, एक मधे, एक शेवटाकडे. उपाशीपोटी घेतली तर दाण्यांना पचवायला काही नसते आणि ते पुढे निघून जातात. तासाभराने आठवण झाली तर ती सोडून द्यावी आणि पुढच्या वेळी दुप्पट करू नये. पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. घरोघरी तिच्याच जोडीला ही कॅप्सूलही चहाआधी गिळली जाते, आणि महिनाभर काही फरक पडला नाही की औषधाला बोल लागतो.

कॅप्सूल आख्खी, साध्या किंवा गार पाण्याबरोबर गिळावी. गरम चहाबरोबर नको, चावून तर मुळीच नको, कारण दाणे फुटले की तोंडात छाले येतात आणि उरलेले जठरात वाया जाते. ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी कॅप्सूल उघडून दाणे किंचित आंबट, मऊ पदार्थावर टाकता येतात. संत्र्याच्या रसाची औषधाच्या माहितीपत्रकातच शिफारस असते, आणि तो मिळण्यात नागपूर जिल्ह्याचा हात कोण धरणार? आंबटसर दहीही चालते. दूध, गरम वरण-भात, खीर चालत नाही, कारण तिथे आवरण ताटातच विरघळते. दाणे मिसळले की लगेच, न चावता घ्यावे, वर पाणी प्यावे आणि दातांत काही अडकले नाही ना ते पाहावे.

मात्रा ताटावर ठरते. प्रौढांसाठी युरोपातल्या तज्ज्ञांची शिफारस मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी अशी आहे. तिथून पुढे वजन आणि शौच पाहून डॉक्टर ती वाढवतात. पण मुख्य जेवण म्हणजे काय? घरातल्या पाच मिलिलिटरच्या चमचाभर तेलात साधारण साडेचार ग्रॅम चरबी असते. सावजी रश्श्यावर जी तर्री तरंगते, तीच तीन-चार चमचे सहज होते. गोळाभातावर वरून ओतलेले तेल, वडाभाताचे वडे, मूठभर शेंगदाण्यांतली पंधरा ग्रॅम चरबी, पेलाभर म्हशीच्या दुधातली तेरा-चौदा ग्रॅम, हे सगळे मोजायला हवे. दोन पोळ्या आणि दोडक्याच्या भाजीला पुरणारी कॅप्सूल तर्री-पोह्याला पुरत नाही. काळा चहा, फळ, लिंबूपाणी यांना ती लागतच नाही. उलट उपवासाला लागते: एकादशीची साबुदाणा खिचडी दाण्याच्या कुटाने इतकी जड असते, की "आज उपास आहे म्हणून औषध घेतले नाही" हे वाक्य डॉक्टरांना घाबरवायला पुरेसे आहे. निर्जळी उपवासात काही खायचेच नसेल तर कॅप्सूलही नको. रोजा असेल तर सहेरी आणि इफ्तार या दोन जेवणांची मात्रा आधी ठरवून घ्यावी.

जास्तीची भीती कुठून आली ते सांगायलाच हवे, कारण ती खरी आहे. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या पाच मुलांची हकिगत छापली. नव्या, जास्त ताकदीच्या कॅप्सूल सुरू केल्यानंतर त्यांचे मोठे आतडे आकसून अरुंद झाले होते. पुढे १९९७ च्या अमेरिकी अभ्यासाने हा संबंध मात्रेशीच आहे हे पक्के केले. तेव्हापासून मर्यादा ठरल्या: एका जेवणाला वजनाच्या किलोमागे २,५०० युनिट, दिवसाला किलोमागे १०,००० युनिट, त्यापलीकडे जाऊ नये. पन्नास किलोच्या माणसाला हे जेवणाला सव्वा लाख आणि दिवसाला पाच लाख युनिट होतात. चार वर्षांवरच्यांसाठी सुरुवात किलोमागे ५०० ची, म्हणजे याच माणसाला २५,००० ची एक कॅप्सूल. मधले अंतर मोठे आहे. आपल्याकडचा प्रौढ रुग्ण त्या वरच्या कुंपणापर्यंत क्वचितच पोचतो. बहुतेक जण खालच्या पायरीवरच थांबलेले असतात. मुलांच्या बाबतीत मात्र कुंपण जवळ असते, तिथे पालकांनी मनाने एकही दाणा वाढवू नये. आणि कोणालाही औषध चालू असताना नवी, जोराची पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या किंवा शौच अडकणे सुरू झाले तर वाट पाहू नये. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी, गाउट असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे.

आता मे महिना. या कॅप्सूल २५ अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवायच्या असतात. उमरेडला उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून पुढे. उष्णतेने लायपेज मरते, पण कॅप्सूल दिसायला तशीच राहते. ना रंग बदलतो, ना वास. रुग्णाला एवढेच कळते की जूनमध्ये पोट पुन्हा बिघडले, आणि मात्रा वाढवली जाते. दुसरा शत्रू दमट हवा. विदर्भातला थंडावा म्हणजे वाळ्याचा कूलर, आणि कूलरची हवा ओली. त्याच्यासमोरच्या फळीवर ठेवलेली शिशी गार राहते आणि ओल धरते. माठाशेजारचा कोनाडाही त्यामुळे बाद. फ्रिजबद्दल लेबलवर जे लिहिले असेल तेच मानावे. रोज आत-बाहेर केलेल्या शिशीत दव धरते. मधल्या खोलीत, जमिनीलगत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, शिशीतली ओल शोषणारी पुडी न काढता ठेवणे हा आपल्या घरांना जमणारा मार्ग. उन्हाळ्यात एकदम दोन महिन्यांचा साठा भरू नये. खुल्या खाणीवर पाळीला जाणाऱ्याने दुपारच्या डब्यापुरतीच कॅप्सूल न्यावी, शिशी मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नये. आणि दुकानदाराला तो हे औषध दुपारी कुठे ठेवतो असे विचारण्यात काही गैर नाही.

डुकराचा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, म्हणून मोकळेपणाने लिहितो. तेवढ्याच प्रभावाचा, मान्यता मिळालेला शाकाहारी पर्याय आज नाही. लिप्रोटमेज नावाचे डुकराशिवायचे औषध बनवण्याचा मोठा प्रयत्न झाला. अमेरिकेने २०११ मध्ये त्याला मंजुरी नाकारली आणि २०१८ च्या चाचणीतही ते कमी पडले. बुरशीजन्य लायपेजच्या गोळ्या 'व्हेज' म्हणून मिळतात, पण स्वादुपिंड बंद पडलेल्या माणसाने त्यांवर विसंबू नये. मुस्लिम रुग्णांच्या बाबतीत पर्याय नसताना उपचारासाठी वापर अनेक धर्मपंडित ग्राह्य धरतात. जैन, महानुभाव किंवा वारकरी घरांत निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. पण तो माहिती घेऊन घ्यावा. डॉक्टरांनी न सांगता लिहून देणे मला पटत नाही, कारण नंतर कळले की रुग्ण औषध गुपचूप टाकतो आणि भेटीला येऊन घेतो म्हणून सांगतो.

जुना सल्ला 'तेल-तूप बंद' असा होता, आणि अजून तो चिठ्ठीवर लिहिला जातो. आताचे मत उलट आहे: मात्रा पुरेशी ठेवून नेहमीची चरबी खाऊ द्यावी, प्रथिने वाढवावीत, जेवणे पाच-सहा छोटी करावीत. वजन उतरलेल्या माणसाचे तेल तोडणे म्हणजे त्याची उपासमारच. फार कोंड्याचे, फार चोथ्याचे अन्न मात्र आवरावे, कारण चोथा लायपेजला अडवतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे, ब-१२ आणि हाडांची घनता अधूनमधून तपासावी. साखरेकडे विशेष लक्ष हवे. स्वादुपिंडाच्या आजारातून आलेल्या मधुमेहात इन्शुलिन घेतले आणि अन्न शोषलेच गेले नाही तर साखर एकदम खाली जाते. एन्झाइम सुरू झाल्यावर अन्न लागू पडते आणि ती वर जाते. पहिले काही आठवडे घरी शुगर जास्त वेळा पाहावी.

पोटदुखीसाठी म्हणून हे औषध सर्रास लिहिले जाते. त्याचा पुरावा कच्चा आहे. दुखण्यावर दिल्लीच्या एम्समध्ये २००९ मध्ये अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा चांगला परिणाम दिसला, इंग्लंडच्या २०१२ च्या चाचणीत तो दिसला नाही. वाद मिटलेला नाही. पण पॅनक्रियाटिन पचनासाठी आहे, दुखणे थांबले नाही म्हणून ते बंद करू नये. आणि पचनही सुधारले नाही, तर लगेच मात्रा चढवत जाण्याआधी क्रमाने पाहावे: कॅप्सूल खरोखर जेवणात घेतली जाते का, मुदत आणि साठवण ठीक आहे का, आम्ल कमी करणाऱ्या गोळीची जोड हवी का, लहान आतड्यात जिवाणू माजलेत का, जिआर्डियासारखा परजीवी आहे का. साठीच्या आसपास नव्याने मधुमेह, वजनात घट आणि पाठीत जाणारे दुखणे एकत्र आले, तर एन्झाइम देऊन दिवस काढू नयेत, सीटी स्कॅन करावा. मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणामुळे २०१८-१९ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग हा शब्द मराठी घरांत पोचला. त्याची सुरुवात 'पचत नाही' इतक्या साध्या तक्रारीने होऊ शकते, हे तितके पोचले नाही.

उमरेडहून नागपूर पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. मेडिकल कॉलेजचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा मिहानमधले एम्स इथे या आजाराचे डॉक्टर भेटतात. अडचण येते ती नंतरच्या महिन्यांत. पुरेशा मात्रेने रोज सहा-आठ कॅप्सूल लागतात, महिन्याचा खर्च हजारांत जातो, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे, घरी रोज गिळायच्या औषधावर नाही. पैसे संपत आले की माणूस मात्रा निम्मी करतो आणि ते कोणाला सांगत नाही. त्याने सांगावे, कारण निम्म्याच कॅप्सूल परवडत असतील तर त्या कुठल्या जेवणांना द्यायच्या आणि तेल कुठे कमी करायचे हे डॉक्टर ठरवून देऊ शकतात. श्रीमंत देशांतही हे औषध नेहमी मिळतेच असे नाही. २०२४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य सेवेला त्याच्या तुटवड्यापायी देशभर सूचना काढावी लागली. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी दुकानात नाव नोंदवावे, आणि नागपूरला जाताना रिकामी पट्टी, दुकानाचे बिल, वजनाचा आकडा आणि दोन दिवस काय काय खाल्ले त्याची चिठ्ठी बरोबर न्यावी. तेलाचे चमचे लपवू नयेत.